२ गिगाबिट फायबर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर, आणि त्या एका पोर्टबद्दल

आमच्या घरी सेकंदाला २ गिगाबिट वेगाचं फायबर इंटरनेट आहे. फायबरची तार कंपनीनं दिलेल्या बॉक्समध्ये येते आणि तिथून वायफाय आणि वायरीनं घरात नेट मिळतं. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या रात्री या बॉक्सचं २.५ गिगाबिटचं पोर्ट, म्हणजे संगणकाची वायर लावायची जागा, मेलं. फायबर काचेचं असतं, त्यातून झटका येत नाही. तो येतो विजेच्या अडॅप्टरच्या वाटेनं. बाकी सगळं चालू होतं, वायफायही. तक्रार नोंदवल्यावर माणूस लगेच आला आणि बॉक्स बदलून गेला. इथपर्यंत कंपनीला नाव ठेवायला जागा नाही. पण नव्या बॉक्सला चार पोर्ट आणि चारही १ गिगाबिटचे! म्हणजे पैसे २ गिगाबिटचे भरायचे आणि मुलाच्या संगणकाला मिळणार जास्तीत जास्त ९४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हजार म्हणजे १ गिगाबिट).

हे ९४० कुठून येतात ते सांगते, कारण कस्टमर केअरला ते शेवटपर्यंत पटलं नाही. १ गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला शंभर कोटी बिट जातात खरे, पण प्रत्येक पॅकेटबरोबर पत्त्याची माहिती जाते आणि दोन पॅकेटांमध्ये थोडी जागा सोडावी लागते. ते वजा जाता हातात ९४०च्या आसपास उरतात. मागून २ गिगाबिट येवो की १०, त्या भोकातून एवढंच बाहेर पडणार. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हा काही वादाचा मुद्दा नाही.

तंत्रज्ञ मुलगा स्वभावानं चांगला होता. त्यानं स्वतःचा फोन बॉक्सच्या शेजारी स्टुलावर ठेवला आणि वायफायवर स्पीड टेस्ट लावली. चौदाशेच्या वर आकडा गेला. "मॅडम, पाहा ना, स्पीड तर फुल येऊन राहिली." मी तोच फोन आतल्या खोलीत नेला, दार लावलं, तर तिनशे. मग म्हणाला, "टू जीबी म्हणजे सगळे डिव्हाइस मिळून होते, मॅडम." तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचं बोलत नव्हता. चार पोर्ट आणि वायफाय एकाच वेळी ओढायला बसले तर बेरीज २ गिगाबिट होईल. पण आमच्या घरी ओढणारं यंत्र एकच आहे. आणि कनेक्शन घेताना दाखवला होता तो २.५च्या पोर्टवाला बॉक्स. आधी दिलेली वस्तू बिघडली तर तिच्या जागी तशीच वस्तू मिळावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी पोर्ट बघा. त्याच्या कडेला २.५जी असं छापलेलं असतं. बहुतेक बॉक्सना असं पोर्ट एकच असतं, बाकीचे साधे. वायर लावल्यावर संगणकात लिंक स्पीड २५०० दिसली पाहिजे. १००० दिसली तर बॉक्सकडे आणि संगणकाच्या लॅन कार्डाकडे, दोन्हीकडे बघा. जुन्या लॅपटॉपना यूएसबीचं २.५ गिगाबिट अडॅप्टर घ्यावं लागतं, तो खर्च कंपनी सांगत नाही. वायर मात्र बदलू नका. नागपूरच्या सीताबर्डीत कॅट ८ प्रकारची वायर माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. २०१६ साली आलेलं ८०२.३बीझेड हे मानकच असं आहे की साध्या कॅट ५ई वायरवरून २.५ गिगाबिट शंभर मीटरपर्यंत जातं. आमच्या भिंतीतली जुनी वायर तशीच ठेवली, उत्तम चालते.

फायबरही नवीन टाकावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झाला. फायबरवरून घराघरात नेट पोचवायची दोन तंत्रं, जुनं जीपीओएन आणि नवं एक्सजीएस-पीओएन, वेगवेगळ्या तरंगलांबीवर चालतात, त्यामुळे दोन्ही एकाच काचेच्या तारेतून जाऊ शकतात. मनीषनगरात आमच्याकडे तीच तार, तेच छिद्र, फक्त बॉक्स नवा. तुमच्याकडे २ गिगाबिट कशावर देताहेत ते मात्र विचारा. जीपीओएनची एक लाइन खाली यायला (डाउनलोड) २.४८८ आणि वर जायला (अपलोड) १.२४४ गिगाबिट देते, आणि तीत बत्तीस-बत्तीस घरं वाटेकरी असू शकतात. एक्सजीएस-पीओएनला दोन्ही बाजूंनी जवळपास १०. जपानमध्ये २०१३ साली २ गिगाबिटचं घरगुती कनेक्शन आलं ते जीपीओएनवरच आलं होतं, त्यामुळे जमतच नाही असं नाही. पण संध्याकाळी सगळी घरं ओटीटीवर बसली की फरक कळतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मे महिन्यात बॉक्सवर हात ठेववत नव्हता. माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतची हमी आहे, आणि नागपूरच्या बंद खोलीला ४० गाठायला वेळ लागत नाही. टीव्हीच्या कपाटातून काढून उघड्या भिंतीवर लावला, पण कूलरच्या झोतापासून लांब, कारण ती हवा दमट असते. त्यानंतर अडचण आली नाही. सिमेंट रोडच्या खोदकामात एकदा तार तुटली, तीही लवकर जोडून दिली.

इथपर्यंतचं मी जुलैत लिहून ठेवलं होतं. आता मत थोडं बदललं आहे.

भांडून भांडून शेवटी २.५वाला बॉक्स परत मिळाला. पण मधले कित्येक आठवडे आम्ही १ गिगाबिटच्या पोर्टवर होतो आणि मुलानं एकदाही कुरकुर केली नाही. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याला लागतं ते अपलोड. २०० जीबीचं फुटेज पूर्वी १०० एमबीपीएसवर चढवायला साडेचार तास जायचे, तेही लाइन मध्ये न तुटता. आता समोरचा सर्व्हर साथ देत असेल तर अर्ध्या तासात काम होतं. रात्रभर संगणक चालू ठेवणं बंद झालं, विजेचं बिल वाचलं. या एका गोष्टीसाठी मी महिन्याला जास्तीचे पैसे आनंदानं देईन. पण १ गिगाबिटच्या प्लानलाही अपलोड १ गिगाबिटच मिळतं, आणि त्या पोर्टवर आम्ही तेच वापरत होतो.

दुसरा हिशेब डेटाचा. अनलिमिटेड लिहिलेल्या आमच्या प्लानला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आहे, पुढे वेग पडतो. पूर्ण २ गिगाबिटनं ओढलं तर ३३०० जीबी संपायला लागतात ३ तास ४० मिनिटं! महिन्याभराचा कोटा एका दुपारी संपवता येईल असा वेग विकायचा आणि कोटा जुनाच ठेवायचा, हे मला अजिबात मान्य नाही. वेग वाढवला तर मर्यादाही वाढवायला हवी. शिवाय जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

पुढच्या नूतनीकरणाला मी १ गिगाबिटवर उतरणार आहे. घरात दोघं-तिघं एकाच वेळी मोठं काम करत असतील, किंवा घरातच ऑफिस असेल, तर २ गिगाबिट जरूर घ्या, लाइन खरोखर चांगली आहे. फक्त इन्स्टॉलेशनच्या कागदावर बॉक्सचं मॉडेल लिहून घ्या, आणि बदलून मिळेल तो बॉक्सही त्याच मॉडेलचा असेल हेही. आमच्या कागदावर 'ओएनटी, १ नग' एवढंच होतं (ओएनटी म्हणजे हाच फायबरचा बॉक्स), आणि कस्टमर केअर प्रत्येक फोनवर मला तेवढीच ओळ वाचून दाखवत होतं.