टॉन्सिलचं ऑपरेशन: फेंटानिलवाली भूल बरी की बिन-ओपिऑइडची?

पोराच्या टॉन्सिलची तारीख ठरली की भूलतज्ञ चेकअपला बोलावतात आणि आपण "भूल नीट उतरेल ना?" एवढंच विचारून घरी येतो. मीपण तेच केलं, दुखण्यासाठी काय देणार हे विचारायचं राहिलंच, मग परत फोन.

नेहमीचा प्रकार म्हणजे फेंटानिल किंवा मॉर्फिन, म्हणजे ओपिऑइड (अफूच्या जातीची, दुखणं दाबणारी औषधं). फेंटानिल पटकन लागू पडतं, भूलतज्ञांचा त्यावर हात बसलेला असतो आणि ही गोष्ट छोटी नाही. पण मळमळ-उलट्या होतात (टॉन्सिलमध्ये रक्त पोटात जातं, त्यामुळे तशाही होतातच), खाज, गुंगी, आणि मुख्य म्हणजे श्वास मंदावतो. हल्ली बऱ्याच मुलांचे टॉन्सिल्स काढतात तेच मुळी झोपेत श्वास अडकतो म्हणून, आणि रात्री ऑक्सिजन कमी पडणाऱ्या अशा मुलांना ओपिऑइड कमी डोसमध्येही जास्त चढू शकतं.

दुसऱ्या, बिन-ओपिऑइड प्रकारात डेक्समेडेटोमिडिन (गुंगी आणणारं औषध), पॅरासिटामॉल, कीटोरोलॅक किंवा आयबुप्रोफेन (ही दोन्ही सूज-दुखणं कमी करणारी), कधी थोडं केटामिन (हे भुलीचं औषध). डेक्समेडेटोमिडिनने श्वास फारसा दबत नाही, जागं होताना रडारड, हातपाय झाडणं कमी होतं, पण नाडी मंद होते आणि पोर झोपूनच राहतं, त्यामुळे रिकव्हरीत ताटकळायची तयारी ठेवा. कीटोरोलॅकने रक्तस्राव वाढेल म्हणून काही सर्जन नको म्हणतात, तो वाद अजून चालूच आहे. अमेरिकेतल्या सिएटल चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या बेलव्ह्यू सेंटरमध्ये मॉर्फिन बंद करून डेक्समेडेटोमिडिन आणि कीटोरोलॅकवर आले, तरी रिकव्हरीतलं दुखणं काही वाढलं नाही.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस मात्र दोन्हीकडे असतो, उलट्या कमी होतात.

माझं मत विचाराल तर घोरणारं, झोपेत श्वास थांबणारं मूल असेल तर दुसरा प्रकार आहे का हे आधी विचारा. वारंवार घसा धरतो म्हणून काढत असाल आणि मूल बाकी ठणठणीत असेल, तर थोड्या फेंटानिलवरून डॉक्टरांशी हुज्जत घालू नका, "शून्य ओपिऑइड" हा काही मेडल मिळवायचा प्रकार नाही.

घरी मात्र कोडीन-ट्रॅमाडॉलची (हीही ओपिऑइडच) चर्चाच नको. कोडीन काही मुलांच्या लिव्हरमध्ये भराभर मॉर्फिन होतं, त्यातून मृत्यूही झालेत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये टॉन्सिलनंतर मुलांना ते देऊ नका म्हणून सांगितलं, 2017 मध्ये या ऑपरेशननंतर 18 च्या आतल्यांना ट्रॅमाडॉलही नको म्हणाले. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वजनावरून लिहून घ्या आणि पहिले काही दिवस घड्याळ लावून द्या, रडायची वाट बघू नका, कारण दुखणं एकदा वाढलं की पोर पाणीसुद्धा गिळत नाही. आणि हो, आपल्याकडे या दोन्ही औषधांचं मिळून एकच सिरप सर्रास मिळतं, आजी प्रेमाने वर पॅरासिटामॉल वेगळं पाजते आणि डोस डबल होतो, बाटलीमागचं नाव वाचा.