ई-चलानच्या नावाने आलेली फाइल उघडू नका, नंबर ओळखीचा असला तरी

'अनोळखी नंबरवरून आलेलं काही उघडू नका' असं आपण घरातल्या मोठ्यांना सांगतो आणि निर्धास्त होतो. माझ्या दादाला आलेली फाइल अनोळखी नंबरवरून आलीच नव्हती. ती आली आमच्या भिशीच्या ग्रुपवर, भिशी चालवणाऱ्या मामांच्या नंबरवरून. ज्यांच्या हातात आपण दर महिन्याला डोळे झाकून पैसे ठेवतो, त्यांच्याकडून.

मजकूर असा: तुमच्या गाडीने सिग्नल मोडला आहे, दंड १००० रुपये, पुरावा पाहण्यासाठी फाइल उघडा. दादा नुकताच गाडी घेऊन सांगलीहून पुण्याला जाऊन आला होता. कुठेतरी कॅमेऱ्यात सापडलो असू, असं त्याला वाटणं साहजिकच होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. एपीके म्हणजे फोटो नाही, पावती नाही, ते अख्खं ॲप असतं. व्हॉट्सॲपवर मात्र ते लग्नपत्रिकेच्या पीडीएफसारखंच निमूटपणे येऊन बसतं. याचा मला फार राग आहे. गुड मॉर्निंगचा मेसेज जास्त वेळा फॉरवर्ड झाला की त्यावर खूण करता येते, मग एपीके आलं की लाल अक्षरांत 'हे ॲप आहे, उघडू नका' एवढं मराठीत लिहायला काय हरकत आहे?

दादाने परवानग्या दिल्या. ॲप उघडल्यावर वर राजमुद्रा, खाली गाडीचा नंबर टाकायला चौकट. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली. मग 'पडताळणीसाठी १ रुपया भरा' म्हणून डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. ते भरल्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. त्याला वाटलं, रेंज नाही.

तेवढ्या वेळात उसाचं बिल गेलं. कारखान्याने त्याच आठवड्यात जमा केलेले, एकूण १ लाख ३८ हजार रुपये. बँकेचा एकही मेसेज त्याला दिसला नाही, कारण मेसेज आता ते ॲप घेत होतं. ओटीपी परस्पर चोराकडे जात होते. त्यातच व्हॉट्सॲपचा कोडही गेला आणि दादाचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच कुणाच्या फोनवर सुरू झालं. त्याला हे कळलं कसं? नातेवाइकांचे फोन येऊ लागले, "अरे, तू आम्हाला कसलं चलान पाठवलंस?" मामांच्या बाबतीतही हेच झालं होतं. ते बिचारे स्वतःच नागवले गेले होते.

म्हणून आज एक काम करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं. तिथे सहा आकडी पिन घाला. आई-वडिलांच्या फोनवरही घाला. मग एसएमएसचा कोड चोरला तरी तेवढ्यावर व्हॉट्सॲप पळवता येत नाही. आणि चलानची शंका असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की दंड असेल तर दिसतो. कसलंही ॲप घ्यावं लागत नाही.

वहिनीने त्या संध्याकाळी फार शहाणपणा केला. आधी त्या मेसेजचा फोटो स्वतःच्या फोनवर काढला, मग दादाच्या फोनमधलं सिम काढून वायफाय बंद केलं. स्वतःच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद केलं, व्यवहारांचे क्रमांक लिहून घेतले आणि लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक विचारतात, म्हणून पासबुक हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते उरले असतील तर गोठवले जातात. आमचे ४१ हजार असे अडकले. बाकीचे त्याआधीच पुढे सरकवले होते. अडकलेली रक्कमही आपोआप परत येत नाही, ती मागावी लागते. आम्ही त्यासाठी कोर्टात अर्ज केला आहे.

बँकेत मात्र काउंटरवरचे साहेब म्हणाले, "ओटीपी तुमच्याच फोनवर गेला, आम्ही काय करणार?" हे ऐकून घरी परतू नका. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, असं रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते तर बँकेच्याच माथी. त्यामुळे किती वाजता कळवलं याला फार महत्त्व आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, त्यावर तारखेसह शिक्का मारून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. दादाने पोच घेतली आहे आणि लोकपालाकडचा अर्जही आम्ही लिहून तयार ठेवला आहे.