डिझेल लाईनला वॉटर सेपरेटर लावला, पावसाळा अन् द्राक्षाचा सीझन काढून झालेला अनुभव

गाडी बीएस-4 पिकअप, कॉमन रेल (म्हणजे खूप जास्त प्रेशरनं डिझेल फवारणारं इंजिन). टाकी आणि कंपनीच्या फिल्टरच्या मधे, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला सेपरेटर नाशिकच्या द्वारका भागातल्या एका फिटरकडून बसवून घेतला. निफाड-पिंपळगावहून माल भरून कसारा घाट उतरायचा तर रस्त्यात गाडी झटके मारायला लागलेली परवडत नाही ना.

पाणी दिसतं हे खरंय. डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं, मधे सरळ रेघ, वर पिवळसर डिझेल. पावसाळ्यात कॉक सोडला की बऱ्यापैकी निघायचं आणि एकदा तर त्या रेघेवरच काळपट, शेंबडासारखा लोळ, हे बुरशी-बॅक्टेरिया, पाणी असलं तरच वाढतं.

आता सगळे पंपवाल्याला शिव्या घालतात, पण आमच्याकडे पाणी जास्त करून शेडमधल्या बॅरलमधून यायचं. ट्रॅक्टरसाठी भरलेला, उभा. पत्रा गळतो, बॅरलच्या डोक्यावर पाणी साचतं, रात्री बॅरल गार पडला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यातून तेच पाणी आत ओढलं जातं. बॅरल आडवा टाकला आणि वाटी जवळपास कोरडी राहायला लागली. थंडीत मात्र अर्धी टाकी ठेवू नका, निफाडकडं पारा 5-6 डिग्रीवर येतो तेव्हा टाकीच्या रिकाम्या भागात घाम धरतो.

जाळी 30 मायक्रॉनची घेतली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुकानदार 2 ची गळ्यात मारत होता, पण ती ओढणाऱ्या बाजूला लावली की पंपाला डिझेल ओढायलाच जड जातं, बारीक गाळायला पुढं कंपनीचा फिल्टर आहेच. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या अन् प्रेशर 1600 बारच्या घरात, तिथं बारीक रेतीनं पण वाट लागते.

त्रास एकच, हवा धरते. नवीन जॉइंट म्हणजे नवीन लीक, सकाळी सेल्फ मारत बसायचं, डिझेल बाहेर थेंबभर नाही, कारण ओढणाऱ्या बाजूला लीकमधून हवाच आत जाते. शेवटी दोन्ही क्लॅम्प बदलले, हँडप्रायमर (हातानं दाबायचा छोटा पंप) मारून हवा काढली, तेव्हा जमलं. अॅव्हरेज वाढतो म्हणतात ते थापा, काडीचा वाढला नाही. आणि बायोडिझेल मिसळलेलं असेल तर पाणी पटकन सुटत नाही, बारीक थेंब तसेच पुढं जातात, विरघळलेलं तर कुठलीच वाटी धरत नाही.

बीएस-6 वाल्यांनी वॉरंटीत लाईन कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, पाण्याचा सेन्सर बहुतेक गाड्यांत असतोच, तो दिवा लागला की गाडी तशीच दामटू नका.