व्हेल वॉच कायकोरा: तिकीट काढण्याआधी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्चहून गाडीने साधारण 180 किलोमीटरवर कायकोरा हे छोटं गाव आहे. इथे किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात समुद्राचा तळ हजार मीटरहून खोल जातो. त्या खोल घळीत खाणं भरपूर, म्हणून स्पर्म व्हेल वर्षभर सापडतात, बहुतेक नरच. कोकणातल्या बातम्यांमधली तस्करीची ‘व्हेलची उलटी’ याच जातीच्या पोटातली.

बोटीतून व्हेल दाखवायला नेणाऱ्या ‘व्हेल वॉच कायकोरा’ या कंपनीचं तिकीट स्वस्त नाही, तरी ते काढावं असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं मोठं कारण म्हणजे या बोटींची मालकी. 1980 च्या दशकात रेल्वे आणि सरकारी खात्यांतल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा सर्वांत जास्त झळ इथल्या माओरींना, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांना बसली. 1987 मध्ये न्गाइ ताहू या माओरी जमातीच्या काती कुरी शाखेचे पुढारी बिल सॉलोमन आणि काही कुटुंबांनी राहती घरं गहाण टाकून कर्ज काढलं आणि एका छोट्या रबरी बोटीवर धंदा सुरू केला. आज मोठ्या कॅटामरान (जुळ्या सांगाड्याच्या बोटी) आहेत आणि मालकी स्थानिक माओरी ट्रस्ट व न्गाइ ताहू जमातीकडे आहे.

हे आपोआप टिकलं नाही. सरकारच्या संवर्धन खात्याने प्रतिस्पर्ध्याला परवाना द्यायची तयारी केली, तेव्हा न्गाइ ताहू न्यायालयात गेले. 1995 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की व्हेल दाखवण्याचा व्यवसाय हा ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातल्या 1840 च्या वाइतांगी कराराने राखलेला पारंपरिक हक्क नव्हे, पण किनारा आणि व्हेल यांच्याशी जमातीचं नातं इतकं जवळचं आहे की परवाने देताना तिला वाजवी अग्रक्रम मिळायला हवा. इतरांचे परवाने रोखण्याचा नकाराधिकार मात्र दिला नाही. सरकार आणि माओरींच्या सलोख्याच्या गोष्टी भाषणांत पुष्कळ होतात. इथे तो परवान्याच्या कागदावर उतरला, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष फेरी. नोंदणी गावातल्या रेल्वे स्टेशनवर होते, तिथून बस साउथ बे बंदरावर नेते. सगळं मिळून तीन-सव्वातीन तास धरा. बोट वेगात असताना आत बसूनच राहावं लागतं, डेकवर जायला मिळतं ते बोट थांबल्यावर. व्हेल शोधायला पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारा माइक) सोडतात: खोलवर शिकार करणारा व्हेल सतत ‘टक-टक’ आवाज करतो, तो थांबला की जनावर वर यायला निघालं असं समजायचं. एक बुडी पाऊण तासाची असू शकते आणि वर मुक्काम जेमतेम दहा मिनिटं, त्यामुळे वाट पाहण्याची तयारी हवी.

उड्या मारणारा व्हेल डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. स्पर्म व्हेल ओंडक्यासारखा पडून श्वास घेतो. फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे तिरका उडतो, कारण नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाला, डावीकडे असते. पाठ कमानीसारखी वाकली की कॅमेरा तयार ठेवा, पुढच्या काही क्षणांत शेपूट वर येते. कायद्याने 50 मीटरच्या आत जाता येत नाही, म्हणून मोबाइलपेक्षा 200 मिलिमीटरची लेन्स बरी. शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास.

एकही व्हेल दिसला नाही तर 80 टक्के पैसे परत मिळतात. डॉल्फिन दिसले म्हणून हा परतावा बुडत नाही.

सगळ्यात जास्त लोकांचा बेत बिघडतो तो बोट लागल्यामुळे. लाटांचा इशारा दिला असेल तर तो मनावर घ्या. गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मागच्या, मधल्या खुर्च्या कमी हलतात. रिकाम्या पोटीही जाऊ नका आणि तळकट खाऊनही नको. जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातही जाकीट लागतं.

सकाळी वारा सहसा कमी असतो, म्हणून पहिली फेरी घ्या. कायकोरात दोन रात्री ठेवा: वाऱ्यामुळे फेरी रद्द झालीच, तर दुसऱ्या दिवशीच्या फेरीत जागा मागता येते.