कव्हर खरं, लेबल खरं, अक्षरं खोटी

जुन्या रेकॉर्डच्या व्यवहारात फसलो असं कोणी म्हणालं की ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी नकली रेकॉर्ड छापून गळ्यात मारली असणार. तसंही होतं. पण मला जी मिळाली तिचं कव्हर अस्सल होतं, लेबल अस्सल होतं, तबकडीसुद्धा कंपनीनेच त्या काळात काढलेली होती. खोटी होती ती दोन अक्षरं, आणि मी मोजलेले जवळजवळ सगळे पैसे त्या दोन अक्षरांचेच होते. रॉक, जॅझ, सोल, डिस्को, काहीही गोळा करत असाल किंवा साठवलेल्यातलं काही विकायला काढणार असाल तर हे वाचून ठेवा.

रेकॉर्ड लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1969 सालच्या दुसऱ्या अल्बमची, अमेरिकन प्रत. या अल्बमची भानगड माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. अमेरिकेत निघालेल्या पहिल्या खेपेचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजाची शेवटची जुळणी, रॉबर्ट लडविग यांनी केलं. त्यांनी आवाजाची पातळी इतकी वर नेली आणि बास इतका दणदणीत ठेवला की साध्या प्लेयरवर सुई खाचेतून उडायची. कंपनीच्या प्रमुखाच्या घरातल्याच प्लेयरवर ती उडाली आणि मग सूत्रं हलली, असा एक किस्सा संग्राहकांमध्ये चवीने सांगितला जातो. किस्सा बाजूला ठेवा. आवाज उतरवून कटिंग, म्हणजे खाचा कापण्याचं काम, नव्याने झालं आणि पुढच्या प्रती त्या मवाळ कटिंगवरून निघाल्या. म्हणून पहिल्या खेपेची प्रत आज नंतरच्या प्रतींच्या कित्येक पट भावाने जाते.

मेख अशी की दोन्ही प्रतींचं कव्हर तेच. लेबलही तेच, अटलांटिक या कंपनीचं लाल-हिरवं, कडेला 1841 ब्रॉडवे हा पत्ता. ओळखायची जागा एकच. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, ज्याला आपण डेड वॅक्स म्हणतो, तिथे मॅट्रिक्स नंबराच्या, म्हणजे त्या कटिंगच्या ओळखनंबराच्या, आसपास हाताने कोरलेलं 'आरएल'. लडविग यांची आद्याक्षरं. ती असतील तर खजिना, नसतील तर इतर हजारो प्रतींसारखी एक प्रत. ठगाला आणखी काय पाहिजे?

विक्रेत्याची जाहिरात व्यवस्थित होती. कव्हरचे पुढचे-मागचे फोटो, दोन्ही लेबलं, आणि तिरक्या उजेडात काढलेला डेड वॅक्सचा फोटो, त्यात 'आरएल' ठसठशीत. दर्जा लिहिला होता व्हीजी प्लस, 'व्हेरी गुड'च्या वरचा, म्हणजे किरकोळ खुणा आहेत पण वाजायला छान. मी दुसऱ्या बाजूचा फोटो मागितला, तोही लगेच आला. बोलणं जाणकाराचं. कुठल्या कारखान्यात छापली असेल, आतली कागदी पिशवी मूळची आहे की नंतरची, सगळं न विचारता सांगितलं. एवढी माहिती असलेला माणूस गिऱ्हाइकाला फसवत नाही, असं आपण गृहीत धरतो. खरं तर एवढी माहिती असल्याशिवाय हा धंदा जमतच नाही.

पार्सल आलं. पॅकिंग उत्तम. तबकडी बाहेर काढली तर नवी कोरी असल्यासारखी चमकत होती, आणि ती चमक पाहूनच कुठेतरी खटकलं. इतक्या वर्षांची, वाजवलेली रेकॉर्ड स्वच्छ असू शकते, पण तिची चकाकी थोडी बसलेली असते. हिच्या कडेवरून बोट फिरवलं तर तुळतुळीत लागलं. धुवायला घेतली तेव्हा पाणी पृष्ठभागावर पसरेना, थेंब होऊन घरंगळायला लागलं. सिलिकॉनसारखं काहीतरी फवारून पुसलेलं होतं. ही जुनी क्लृप्ती आहे. असा थर बारीक ओरखडे भरून काढतो, फोटोत तबकडी आरशासारखी दिसते, आणि वाजवल्यावर तेच सुईला चिकटतं. दोनदा धुतल्यावर दिव्याखाली केसाएवढ्या रेषांचं जाळं उगवलं. व्हीजी प्लस तर नाहीच, साधी व्हीजीसुद्धा ओढूनताणून.

मग भिंग घेऊन डेड वॅक्स पाहिला. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. ही अक्षरं कोरली जातात ती मूळ लॅकरवर, म्हणजे ज्या मऊ थराच्या चकतीवर खाचा कापल्या जातात तिच्यावर. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेलचे साचे उतरवतात, शेवटचा साचा म्हणजे स्टँपर, आणि त्याखाली तापलेलं व्हिनाइल दाबून तुमच्या हातातली रेकॉर्ड तयार होते. म्हणजे तुमच्या रेकॉर्डवरचं अक्षर हे कोरलेलं नसतं, साच्यातून उमटलेलं असतं. त्याच्या कडा मऊ असतात आणि तळ बाकी तबकडीसारखाच काळा चकचकीत दिसतो. कोणी नंतर टाचणीने किंवा कंपासच्या टोकाने तयार रेकॉर्डवर खरवडलं तर व्हिनाइल फाटतं. कडेला बारीक कुसळं उठतात आणि तळ राखाडी, भुरकट दिसतो.

माझ्या प्रतीवरचा मॅट्रिक्स नंबर नीट साच्यातून आलेला होता. शेजारचं 'आरएल' मात्र राखाडी. नख फिरवलं तर नंबरावरून सरळ गेलं आणि 'आर'वर अडलं. त्या 'आर'च्या पोटाच्या वळणावर हत्यार घसरलं होतं, तिथून एक बारीक शेपटी शेवटच्या खाचेच्या दिशेने गेली होती. जाहिरातीतल्या फोटोत ही शेपटी नव्हती.

फोटो पुन्हा उघडून पाहिला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. त्यात मॅट्रिक्सची ओळ पूर्ण नव्हतीच. 'आरएल' मधोमध, आणि नंबराचा शेवट फोटोच्या कडेला कापलेला. नव्याने कटिंग झालं की नंबराच्या शेवटचं अक्षर बदलतं, म्हणून नेमका तो शेवट पाहायचा असतो. फोटो इंटरनेटवर शोधला तर तो भलत्याच विक्रेत्याच्या, केव्हाच पार पडलेल्या एका विक्रीत सापडला. तिथे ओळ पूर्ण होती. ह्याने ती छाटून आपली म्हणून लावली होती. म्हणजे फोटो दुसऱ्याच्या खऱ्या प्रतीचा आणि तबकडी नंतरच्या कटिंगची. तबकडीवर खरवडायची तसदी कशाला घेतली? घरी पार्सल उघडणाऱ्याने 'आरएल' बघावं, समाधान मानावं आणि पैसे सुटावेत म्हणून. बहुतेक जण भिंग घेत नाहीत.

ओळखीच्या एका संग्राहकाकडे पहिल्या खेपेची प्रत आहे. दोन्ही एकामागून एक लावल्या, आवाजाच्या बटणाला हात न लावता. त्याच्या प्रतीवर ड्रम छातीत वाजतात. माझ्या प्रतीवर गाणी तीच, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखी.

तक्रार केली. सुरुवातीला विक्रेता गोड बोलला, मला जशी मिळाली तशी पाठवली म्हणाला. भिंगाखालचे फोटो पाठवल्यावर सूर बदलला. "तुम्हीच तुमची खराब रेकॉर्ड माझ्या कव्हरात घालून आता पैसे मागताय." हा आरोप ऐकून संताप येतो, पण तो बिनबुडाचा वाटत नाही, हीच त्यातली खुबी. असे खरेदीदार खरोखर असतात. चांगली प्रत मागवायची, आपल्याकडची झिजलेली तबकडी तिच्या कव्हरात घालून 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत पाठवायची आणि पैसे वर घ्यायचे. त्यामुळे मध्यस्थी करणाऱ्या माणसाला दोघांचंही पटतं आणि कोणाचंच पटत नाही. नंतर विक्रेत्याने थोडे पैसे परत देऊ केले, अट एकच, तक्रार मागे घ्यायची आणि चांगला शेरा द्यायचा. मी नाही म्हटलं.

ज्या संकेतस्थळावरून व्यवहार झाला त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो मागवले आणि निर्णय दिला की माल वर्णनाप्रमाणे आहे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर कव्हर जुळतं, लेबल जुळतं, अक्षरं दिसतात. साच्यातून उमटलेलं अक्षर आणि टाचणीने खरवडलेलं अक्षर यातला फरक तक्रारी निस्तरणाऱ्या माणसाला कोण समजावणार? मी समजावून पाहिलं. पुढे त्या विक्रेत्याचं खातं बंद झालं आणि पैसे गेले ते गेले.

या प्रकारानंतर इतर संग्राहकांशी बोलताना लक्षात आलं की संगीताचा प्रकार बदलतो, पण हात घालायची जागा साधारण तीच राहते. कव्हर आणि तबकडी या दोन सुट्या वस्तू आहेत आणि आपण त्या एकच समजून विकत घेतो. जॅझमध्ये ब्लू नोट या कंपनीच्या रेकॉर्ड पाहा. डेड वॅक्समध्ये कानासारखी दिसणारी एक छोटी खूण असते, प्लास्टिलाइट या कारखान्याची. साठच्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट विकली गेल्यावर छपाई दुसरीकडे गेली आणि ती खूण गेली. ब्लू नोटचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आद्याक्षरांचं 'आरव्हीजी' मात्र नंतरच्या प्रतींवरही सापडतं, कारण जुने साचे पुढे वापरले गेले. तरी 'आरव्हीजी आहे, म्हणजे मूळ प्रत' असं लिहिणारे विक्रेते पावलोपावली भेटतात. त्यातले काही अडाणी असतात, काही नसतात. मूळ कव्हरात नंतरची तबकडी घालून जोडी लावणं हा तर सर्रास चालणारा उद्योग आहे.

सोलच्या जुन्या 45 आरपीएम सिंगल्समध्ये, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांमध्ये, उलटा प्रकार चालतो. तिथे मुळात चित्राचं कव्हरच नसतं, साधी कागदी पिशवी असते, त्यामुळे सगळी भिस्त लेबलवर. आणि लेबल छापणं सर्वांत सोपं. मोजक्या प्रती निघालेल्या गाण्यांच्या चोरट्या प्रती 1970 च्या दशकापासून फिरत आहेत, आता त्यासुद्धा जुन्या दिसायला लागल्या आहेत! कागद पिवळा पडला म्हणजे रेकॉर्ड मूळची, हा हिशेब तिथे धरू नका.

काही थापा तर अगदी कच्च्या असतात. साठच्या दशकातली पहिली छपाई म्हणून विकायला ठेवलेल्या कव्हरवर मागे बारकोड. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तोच 1974 मध्ये, आणि रेकॉर्डच्या कव्हरवर तो रुळला सत्तरचं दशक सरताना. '180 ग्रॅम' असं मिरवणारा स्टिकर असला तर ती हमखास अलीकडची पुनर्छपाई. न उघडलेली, प्लास्टिकमध्ये सीलबंद प्रत म्हणजे सर्वांत सुरक्षित, असं वाटतं ना? प्लास्टिक पुन्हा चढवायला लागतो उष्ण हवेचा झोत आणि थोडा सराव. आत काय आहे ते पाहायचं तर सील फोडावं लागतं, आणि फोडलं की परत घेणार नाही म्हणतात. सीलबंद प्रतीच्या वाटेला मी जात नाही.

दर्जाच्या अक्षरांबद्दल नव्यांसाठी एक. इंग्रजीत 'गुड' लिहिलं असेल तर ती चांगली समजू नका. या श्रेणीत गुड म्हणजे झिजलेली, खरखर येणारी. वापरण्याजोगं खरं म्हणजे व्हीजीपासून वरचं, आणि तेही विक्रेत्याने वाजवून ठरवलंय की नुसतं बघून, हे विचारून घ्यावं.

आता मी महागडी प्रत घेताना डेड वॅक्सचा फोटो मागतच नाही, व्हिडिओ मागतो. लेबलपासून सुरू करून कॅमेरा न थांबवता पूर्ण फेरी, दोन्ही बाजू, आणि शेजारी कागदावर त्या दिवशी मी सांगेन तो शब्द लिहिलेला. उसन्या फोटोवर जगणाऱ्याची इथेच अडचण होते. कोणाला हे अपमानास्पद वाटतं, त्यांचा व्यवहार दुसऱ्याशी होतो. पार्सल उघडतानाही कॅमेरा चालू ठेवतो आणि पहिल्यांदा मॅट्रिक्सची ओळ टिपतो, कव्हर मागाहून. विकताना उलट बाजूने तेच. लेबलच्या भोकाभोवती प्लेयरच्या खुंटीने पडलेले ओरखडे, लेबलच्या कागदाची सुरकुती, छपाईतला एखादा फोड, हे कुठल्याही दोन प्रतींत सारखं नसतं. ते टिपून खरेदीदाराला आधीच पाठवतो. तबकडी बदलून परत पाठवण्याचा बेत असलेला माणूस तिथूनच गळतो.

ती रेकॉर्ड अजून माझ्याकडेच आहे. विकली तर पुढचा माणूस पुन्हा 'आरएल' म्हणून पुढे सरकवणार, म्हणून विकलेली नाही. नवे लोक आले की भिंग हातात देतो आणि खरवडलेलं अक्षर दाखवतो. मध्यंतरी एकाने निरोप पाठवला, तबकडी ठेवा, पण कव्हर स्वच्छ आहे म्हणता तर तेवढं विकाल का? मी विचारलं, त्यात कोणती तबकडी घालणार आहात? उत्तर आलं नाही.