डीफ्रॅग अजून लागतं का? हार्ड डिस्क, एसएसडी आणि लिनक्सवर बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सरळच सांगतो, एसएसडीवर डीफ्रॅग (म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे परत सलग लावणं) मारत बसू नका, हार्ड डिस्कला विंडोजचं स्वतःचं शेड्यूल पुरतं आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टमला (डिस्कवर फाइली कशा मांडायच्या ते ठरवणारी व्यवस्था) तर मी हातच लावलेला नाही. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण "आता फाइल सिस्टम मॉडर्न आहेत, डीफ्रॅग हा प्रकारच संपला" असं लोक छातीठोकपणे सांगतात ना, ते मला वापरून अर्धंच पटलंय.

माझं सेटअप म्हणजे विंडोज एसएसडीवर, डेटाला ७२०० आरपीएमची एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) हार्ड डिस्क, आणि दुसऱ्या मशीनवर लिनक्स, त्यात एक डिस्क ईएक्सटी४ आणि एक बीटीआरएफएस (लिनक्सचीच दुसरी फाइल सिस्टम).

फरक जाणवला तो हार्ड डिस्कवर, आणि तिथेही सगळीकडे नाही. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, हवा तो भाग हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४ मिलिसेकंद, शिवाय हेड सरकवायला साधारण ८-९, म्हणजे एका तुकड्यावरून लांबच्या दुसऱ्या तुकड्यावर जायला १२-१३ मिलिसेकंद गेलेच. फाइलचे असे हजार तुकडे झाले की नुसत्या उड्यांमध्येच १२-१३ सेकंद! माझी व्हर्च्युअल मशीनची (संगणकातच चालवलेल्या दुसऱ्या संगणकाची) डिस्क फाइल हळूहळू वाढत गेलेली, त्यात ड्राइव्ह जवळजवळ भरलेला आणि बाजूला डाउनलोड चालू, मग तिचा पार भुगा झाला होता. आधी जागा रिकामी केली, मग डीफ्रॅग केलं, आणि ती मशीन चालू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. फोटोंच्या फोल्डरला मात्र शष्प फरक पडला नाही, ते बहुतेक आधीच एकसंध होते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, विंडोजचं डीफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजतच नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण ६४ एमबी वाचायलाच हार्ड डिस्कला ४०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, त्यात १२ची एक उडी कोणाला कळणार? मी सुरुवातीला एक बाहेरचं टूल टाकलं होतं, ते असले तुकडेही लाल रंगात दाखवून घाबरवायचं आणि मग प्रो व्हर्जन घ्या म्हणायचं. काढून टाकलं.

एसएसडीत हेडच नाही त्यामुळे उडीचा प्रश्नच नाही, उलट फुकट रायटिंग होतं. विंडोज ८ पासून तिथे 'ऑप्टिमाइझ' दाबलं की मुख्यतः ट्रिम जातं, म्हणजे कुठले ब्लॉक आता मोकळे आहेत ते ड्राइव्हला कळवलं जातं, म्हणून ते शेड्यूल बंद करू नका. सिस्टम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीत परत न्यायची सोय) चालू असेल तर विंडोज अधूनमधून एसएसडीवरही थोडं डीफ्रॅग करतं, ते बघून दचकायचं कारण नाही, एनटीएफएसमध्ये एका फाइलचे किती तुकडे नोंदवता येतात त्याला मर्यादा आहे आणि स्नॅपशॉटचा (त्या क्षणीच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती) कारभारही तुकड्यांनी जड होतो.

ईएक्सटी४ चं काय सांगायचं, डेटा आधी मेमरीत धरून ठेवतं, किती जागा लागणार ते कळलं की मग सलग जागा बघून लिहितं, त्यामुळे डिस्क गच्च भरली नाही तर तुकडे फारसे होतच नाहीत. फाइलफ्रॅग कमांडने अधूनमधून बघतो, मोठमोठ्या फाइलीसुद्धा मोजक्याच तुकड्यांत असतात. ई४डीफ्रॅग आहे, पण मला कधी लागलं नाही.

आणि आता खरी गंमत, या सगळ्यांत नवीन ती बीटीआरएफएस, आणि तीच सगळ्यात जास्त तुकडे करते! फाइलच्या मधे बदल केला की जुन्या जागी न लिहिता नवीन जागी लिहिते, त्यामुळे डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या फाइलींचे हाल. बरं, तिथे डीफ्रॅग करावं तर स्नॅपशॉटमधला सामायिक डेटा वेगळा होतो आणि त्याच फाइली दुप्पट जागा खायला लागतात, म्हणजे जुने स्नॅपशॉट ठेवणाऱ्याने आधी रिकामी जागा बघावी आणि मगच कमांड मारावी. मी व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळं फोल्डर करून त्यावर कॉपी-ऑन-राइट (हेच ते नवीन जागी लिहिणं) बंद केलं, पण हे फाइल बनवायच्या आधी करावं लागतं, आणि त्या फाइलींना चेकसम (डेटा बिघडला तर ओळखायची खूण) मिळत नाही, बॅकअप वेगळा ठेवावा लागतो. मला चालतंय. तुमच्या मशीनमधला डेटा महत्त्वाचा असेल तर तुकडे सहन करा पण चेकसम घालवू नका.