लॅबव्ह्यूची पॅलेट मनासारखी लावली होती, फॉरमॅटमध्ये गेली

लॅपटॉप फॉरमॅट होऊन आला, लॅबव्ह्यू (चित्रांचे तुकडे तारांनी जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकलं, ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे ते तुकडे जोडायच्या खिडकीत, राइट क्लिक केलं आणि डोकंच सणकलं. फंक्शन्स पॅलेट, म्हणजे तुकडे निवडायची यादी, पुन्हा मुळात येते तशी. वर प्रोग्रॅमिंग, खाली मेजरमेंट, इन्स्ट्रुमेंट, व्हिजन अशी रांग, आणि मी लावलेली मांडणी गायब. नवी पेठेतला दुरुस्तीवाला म्हणतो, "सगळं काढून ठेवलंय की ओ सर, डेस्कटॉप पण, फोटो पण." डॉक्युमेंट्समधला 'लॅबव्ह्यू डेटा' फोल्डर मात्र त्याने घेतला नाही. पॅलेट बदलायच्या 'एडिट पॅलेट सेट' खिडकीत केलेले बदल तिथेच एमएनयू नावाच्या फायलींत साठतात. माझे व्हीआय (लॅबव्ह्यूत केलेले प्रोग्रॅम) डी ड्राइव्हवर होते म्हणून वाचले. पैसे त्याने पूर्ण घेतले, हे वेगळं सांगायला नको.

घरी लॅबव्ह्यूची कम्युनिटी एडिशन आहे, 2020 साली आलेली, फुकट, धंद्याला चालत नाही. माझं काम गच्चीवरच्या टाकीची पातळी आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावरून वाचायची. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे टाकीत किती उरलंय यावर घरात रोज वाद. एवढ्याला लागतं काय? व्हाइल लूप, वेट, बिल्ड अ‍ॅरे, लिंक्सचं (आर्डुइनोशी बोलणारी लायब्ररी) अ‍ॅनॉलॉग रीड आणि व्होल्टवरून लिटर काढणारा माझा एक व्हीआय. त्यासाठी दरवेळी अख्खा बाजार का फिरायचा?

म्हणून टूल्स, अ‍ॅडव्हान्स्ड, एडिट पॅलेट सेट या वाटेने सगळं हवं तसं लावलं होतं. सबपॅलेट घालताना 'लिंक टू डिरेक्टरी' निवडलं की फोल्डरात टाकलेला नवा व्हीआय पॅलेटमध्ये आपोआप दिसतो. झकास सोय. महिनोन् महिने मी ज्याला त्याला हेच सांगत होतो.

आता मत बदललंय. या वेळी तिकडे गेलोच नाही. पिन मारून पॅलेट रोखली, लागणाऱ्या वस्तूंवर राइट क्लिक करून फेव्हरिट्समध्ये टाकल्या आणि ती कॅटेगरी ओढून सगळ्यात वर नेली. वर असलेली कॅटेगरी उघडीच येते. नको त्या 'चेंज व्हिजिबल पॅलेट्स'मध्ये टिक काढून झाकल्या. स्वतःचे व्हीआय युजर डॉट लिब फोल्डरात टाकून लॅबव्ह्यू बंद-चालू केलं, ते युजर लायब्ररीजमध्ये आले. चहा गार व्हायच्या आत काम आटोपलं.

क्विक ड्रॉप तर त्याहून भारी. कंट्रोल-स्पेस दाबा, नाव टाइप करा, वस्तू हातात. पहिल्यांदा उघडताना रेंगाळतं, पुढे नाही. फक्त मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर 'वेट' देवनागरीत उमटतं आणि काही म्हणजे काही सापडत नाही. भाषा बदलायला विंडोज-स्पेस, क्विक ड्रॉपला कंट्रोल-स्पेस. दोन्ही कळा शेजारी, बोट घसरतंच.

पण खरी चीड एकाच गोष्टीची. एडिट पॅलेट सेटच्या त्या खिडकीत 'सेव्ह चेंजेस' आहे, मग शेजारी एक्सपोर्टचं बटण द्यायला काय झालं? 1986 पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर, आणि माणसाने आपली मांडणी फोल्डर उकरून हुडकायची! मी लॅबव्ह्यू डेटा आणि युजर डॉट लिब, दोन्ही झिप करून स्वतःलाच मेल केलेत. पेन ड्राइव्हला पैसे पडतात.